मागचे पाय

"घोडा एकच आहे, म्हणून खुर्चीही एकच आहे," संयोजक बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"पण घोड्यात माणसं दोन आहेत," मागचा म्हणाला.

राष्ट्रीय विनोद पुरस्कारांचं सभागृह भरत आलं होतं. नाटक-सिनेमातले झाडून सगळे हसवणारे लोक अत्यंत गंभीर चेहऱ्याने आपापल्या खुर्च्या शोधत होते. सर्वोत्कृष्ट सहायक भूमिकेसाठी नामांकन मिळालेल्यांत एक घोडा होता. नाटकातला, कापडी. दादा म्हणजे त्याचं तोंड आणि पुढचे पाय. धाकटा भाऊ म्हणजे मागचे. नाटक कंपनीत दोघांना पुढचा आणि मागचा असंच म्हणत.

शेवटी तडजोड झाली. दादाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आणि मागच्याला, बायकोसकट, बरोबर त्याच्या मागच्या रांगेत.

"इथेही मागेच!" बायको कुजबुजली. "इतकी वर्षं त्या कापडात वाकून तुमच्या कंबरेचं वाटोळं झालं. लोकांना दिसतात ते भावजी. आज तरी वर जा."

"जाणारच आहे."

बायकोने चमकून पाहिलं. इतक्या ठामपणे त्याने घरातला पंखासुद्धा कधी बंद केला नव्हता.

"भावजींवर राग नाही हं माझा," ती घाईने म्हणाली. "माणूस मनाने मोठा आहे. परवा मी केसांना रंग थापून भुतासारखी बसले होते, तरी म्हणाले, आज छान दिसतेस."

दादा खरोखरच मोठा माणूस झाला होता. समोरचा बोलल्याशिवाय तो बोलत नसे. कुणी सही मागितली, की म्हणे, "खुराने पेन कसं धरू?" आणि लोक खूश होऊन बिनसहीचे परत जात.

पूर्वी तो साधाच घोडा होता. यायचा, खिंकाळायचा, जायचा. सहा वर्षांपूर्वी एका प्रयोगात तो सरळ चालत जाऊन नेपथ्यातल्या खांबावर आदळला. प्रेक्षक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. तेव्हापासून घोडा थबकत, हुंगत, पाऊल टाकू की नको असा विचार करत चालू लागला. समीक्षकांनी लिहिलं, अभिनयाला खोली आली.

नेमकं त्याच सुमारास मागच्याला आत गुदमरायला लागलं. हवेसाठी तो घोड्याच्या बरगडीपाशी भोक पाडायचा. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी ते शिवायच्या. तो पुन्हा पाडायचा.

"मेल्या, चाळण केलीस घोड्याची!" मावशी म्हणायच्या. "बाकीच्यांना नाही लागत ती हवा?"

संयोजक बाई पुन्हा आल्या. "एक सांगायचं राहिलं. नाव पुकारलं, तर वर एकानेच यायचं. पुढच्यांनी."

मागचा ताडकन उभा राहिला. "मला जावंच लागेल."

"काका, हौस कळते हो मला. पण नियम आहे."

"हौस म्हणा हवं तर. पण मी जाणार."

"अहो, तुमच्या भावाची काही तक्रार नाही."

"आहे," पहिल्या रांगेतून मान न वळवता दादा म्हणाला. "अर्धाच घोडा वर आला, तर लोक उरलेला शोधत बसतील."

आजूबाजूचे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या विनोदी पुरस्कारांचं काम बघत होत्या, त्यांना वेळ नव्हता. त्या जाऊन पायऱ्यांपाशीच उभ्या राहिल्या. मागचा खाली बसला, पण टेकला नाही. त्याच्या तळहातांना घाम फुटला होता. बायकोने रुमाल दिला. बिचाऱ्याला आज किती आस लागलीय, या विचाराने तिलाच भरून आलं.

सिनेमातला एक लठ्ठ हवालदार आणि मालिकेतली एक खाष्ट सासू, दोघांना मागे टाकून नाव आलं. "घोडा!"

दादा उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. पायऱ्यांपाशी बाईंनी एक बोट वर केलं.

"जा!" बायको म्हणाली.

मागचा खुर्चीच्या पाठीवरून चढून पलीकडे उतरला, दादाच्या मागे वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. प्रयोगात धरायचा तशीच.

सभागृहात हशा पिकला. कापड नसलेला घोडा निघाला. पहिल्या पायरीशी थबकला, हुंगला, विचार करून त्याने एक पाय उचलला. लोक पोट धरून हसू लागले. बाईंचं बोट आपोआप खाली आलं, आणि त्या चक्क हसत बाजूला झाल्या.

"मागचे, सरळ उभे राहा हो!" सूत्रसंचालक ओरडला. "आज पहिल्यांदाच प्रेक्षक दिसतायत तुम्हाला. कसं वाटतंय?"

"बरीच माणसं आहेत," मागचा म्हणाला. त्यावरही हशा झाला. तो सरळ झाला, पण एक हात दादाच्या कंबरेवरच राहिला.

पुरस्काराचा पुतळा आला. दादाने भलत्याच बाजूला हात पसरले. पुन्हा हशा. मग घोडा वळला आणि पुतळा हातात पडला. दादाने तो छातीशी धरला. खाली बायको डोळे पुसत होती. एवढं भांडून नवरा वर गेला आणि तिथेही मागेच उभा राहिला.

मधल्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. कडेचे लोक बसूनच टाळ्या वाजवत होते. लठ्ठ हवालदार फोन बघत होता.

"उभे राहिलेत का रे?" दादाने ओठ न हलवता विचारलं.

"सगळे."

"खरं?"

मागच्याने कंबर हलकेच दाबून त्याला प्रेक्षकांकडे वळवलं.

"सहा वर्षं त्या भोकातून बघून सांगतोय तुला, दादा," तो म्हणाला. "कधी खोटं सांगितलंय?"