आत्याचा ठसा

शालूमावशीने ठसा पदराखाली घेतला आणि ‘जरा पिन लावून येते’ म्हणत ती बेडरूममध्ये शिरली.

हाताच्या मुठीत मावेल एवढा लाकडाचा तुकडा. पण बाहेर हॉलमध्ये जिचं बारसं होतं तिचं नाव त्यावर कोरलेलं असणार, आणि ते आत्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळाच्या आईलाही नाही, बापालाही नाही. शालूमावशी ही बाळाच्या आईची, मिनलची मावशी. म्हणजे बाळाची आजीच. आजीने काय पाव्हण्यांबरोबर ऐकायचं नाव? ठशावरची अक्षरं उलटी असतात, कापडावर उठली की सुलटी होतात, एवढं तिला माहीत होतं. तिने दार लोटलं आणि ठसा कपाटाच्या आरशापुढे धरला.

आरशात पानाफुलांत गुंफलेली, वळणदार अक्षरं दिसली. ‘मावशी, धीर धरा.’

मावशी मटकन पलंगावर बसली. आधी तिला राग आला, मग हसू, आणि हसू आवरेना म्हणून तिने तोंडात पदर कोंबला.

ही करणी ममताची, म्हणजे बाळाच्या आत्याची. ती हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात कापडछपाईचे ठसे कोरायची. कोयऱ्या, कमळं, हत्ती. ममताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ओठ मात्र ती पक्के वाचायची. ‘नाव काय, नाव काय’ करत आठवडाभर मागे लागलेली मावशी एक ना एक दिवस ठशाला हात घालणार, हे ओळखायला ओठ वाचायचीही गरज नव्हती.

पण आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून तिने आणखी काही वाचलं होतं.

‘‘कानात नाव सांगायचं म्हणजे आवाज नको का रे उत्तम?’’ मावशी ममताच्या भावाला, म्हणजे बाळाच्या बापाला म्हणत होती. ‘‘बोरिवलीची शुभदा येतेय ना. चुलत असली म्हणून काय झालं, आत्याच ती. तिला सांगू दे.’’

‘‘बघू,’’ उत्तम म्हणाला होता.

ते ‘बघू’ ममताला मावशीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. भावाच्या पहिल्या लेकीचं नाव ठेवायचा मान तिचा होता. तो असा ‘बघू’वर टांगलेला तिला बघवेना. तिने घुगऱ्यांचे हरभरे निवडायला घेतले.

मावशी पदर सारखा करत हॉलमध्ये आली तेव्हा बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. शेजारच्या चंपाबेन सगळ्यांत पुढे. शुभदा नवी साडी नेसून पाळण्याच्या दोरीशीच उभी होती. उत्तमच्या हातात कॅमेरा होता आणि रोलमध्ये मोजकेच फोटो उरले होते.

मिनलने कुणाकडे न बघता नणंदेचा हात धरला आणि तिला पाळण्यापाशी आणलं.

ममता वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. तिचे ओठ हलले, श्वास कानात गेला, बाळाने अंग चोरलं. बायकांनी मुठी वळल्या. आत्याने कानात कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. पण नावच ऐकू आलं नाही, तर धपाटा घालायचा कधी? मुठी हवेत तशाच राहिल्या.

‘‘अब क्या करने का?’’ चंपाबेनने हळूच विचारलं.

शुभदा पुढे सरसावली. ‘‘मी सांगू का? ममता, मला खुणेने सांग, मी म्हणते मोठ्याने.’’

‘‘थांब गो!’’ शालूमावशीने तिचा दंड धरला. ‘‘तिचं होऊ दे. जरा धीर धर.’’

ममताने ते ओठ वाचले आणि क्षणभर तिला हसू आलं. मग तिने पाळण्यात पायथ्याशी ठेवलेल्या कपड्यांच्या घडीखालून दुसरा ठसा काढला. बायकांना वाटत होतं पाळण्याशेजारच्या झाकलेल्या तबकात कुंकू आहे. तिने झाकण उचललं तर लाल रंगात भिजलेली कापडाची घडी. पाटावर जाड चादर, त्यावर बाळाचं पांढरं दुपटं. ठसा रंगात दोनदा टेकवून तिने दुपट्याच्या कोपऱ्यावर नीट ठेवला आणि वरून मुठीने एकच ठोका दिला.

ठसा उचलला. ‘स’च्या पोटात कळी, वेलांटीचा आंब्याच्या पानासारखा बाक, आणि अनुस्वाराच्या जागी मोगऱ्याची एक टपोरी कळी.

‘‘संचिता,’’ मिनलने वाचलं. मग उत्तमने. मग शुभदाने, मग सगळ्यांनी मिळून, एवढ्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

ममताची मान खालीच होती. ती कळी सुबक उठली आहे की रंग फुटला आहे, हे ती दुपट्यावर वाकून बघत होती. मागचं तिला काही कळत नव्हतं.

मग तिच्या पाठीत पहिला धपाटा बसला. शालूमावशीचा होता, चांगला सणसणीत. त्यामागून दुसरा, तिसरा, चंपाबेनचा बांगड्यांसकट.

ममताने डोळे मिटले आणि एकेक नीट ऐकला.