कापायच्या आधीचे तीन ठोके

झाडं छाटावीत तर माझ्या मामानंच! तीस वर्षं त्याचा हात फिरला आणि शहराच्या कडेची ही बाग अशी डेरेदार झाली, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघतच राहावं.

त्याची एक सवय होती. फांदी जिथं कापायची, बरोब्बर तिथंच तो आधी कैचीच्या दांड्यानं हलकेच तीनदा ठोकायचा.

"झाडाला विचारतोस होय रे, मामा?" मी हसायचे.

"विचारत नाही, भाचीबाई, सांगतो. कापणाऱ्यानं आधी सांगावं, एवढी तरी रीत पाळावी."

मामा निवृत्त झाला आणि ती कैची माझ्याकडे आली. आज सकाळी घाईघाईत मी तळ्याकाठच्या थोरल्या झाडाची फांदी न ठोकताच कापली. लक्षात आलं तेव्हा जीभ चावली.

मान वर करून पाहिलं. काय देखणं झाड! सगळी पानं उन्हात लखलखत होती, पण एकही हलत नव्हतं. बागेत माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या फांदीसाठी मी हात उचलला.

आणि माझ्या कोपरावर, बरोब्बर सांध्याशी, कुणीतरी हलकेच तीनदा ठोकलं.