डॉक्टरीणबाईंची गाडी
कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर जोतीराम सोलापुरातल्या आपल्या अंगणात, ठोकळ्यांवर चढवलेल्या जुन्या अमेरिकी गाडीखाली उताणे पडले होते. एका संस्थानिकाकडून घेतलेल्या त्या गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत. म्हणूनच डावा पाय पोलिओनं गेलेली त्यांची लेक, डॉक्टर विजयमाला, ती चालवू शकायची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांची बाळंतपणं करत ती गावोगाव फिरत होती. गेल्या आठवड्यात मंद्रूपच्या माळावर गाडी अडली, तेव्हा लेक घरी येईपर्यंत जोतीरामांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी गिअरपेटीचं तळाचं झाकण उतरवलं. तेल जळून काळं झालं होतं, जाळी गाळानं तुंबली होती. बाकी पेटी शाबूत होती. "आण्णा, काय झालंय?" अंगणातून विजयमालानं विचारलं. "पेटी गेली, पोरी. आता न्हाय चालायची." गाडीखालून त्यांना दिसलं, ती पायरीवर बसली आणि डाव्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचे पट्टे सोडू लागली. आता कुठं जायचंच नव्हतं. दुसरा पट्टा सुटला तसे जोतीराम घाईनं बाहेर सरकले. "नगं सोडूस. खोटं बोललो मी. जाळी धुवून नवं तेल घातलं की चालंल. तुला काय झालं तर, ह्याचं लई भ्या वाटतं गं." "मलाबी वाटतं, आण्णा," ती म्हणाली आणि पट्टे पुन्हा आवळू लागली.