सगुणाचा आवाज

जखमी नायक गुडघ्यावर कोसळला. धुरातून शत्रू पुढं येत होता. अशा वेळी त्याच्या शेजारी विळा घेऊन उभी असलेली सगुणा मायेनं म्हणाली, "च्या घेतं का रे बाबू?"

अश्वजितनं कपाळावर हात मारला. त्याची मोठी बहीण पौर्णिमा मात्र खो खो हसली आणि हसता हसताच तिनं खुर्ची ओढली. "सरक तिकडं. मले पाहू दे."

सगुणा अश्वजितनं घडवलेली. एका प्रसिद्ध कम्प्युटर गेममध्ये नायकाबरोबर काही सोबती फिरतात, लढतात, गप्पा मारतात. त्यांच्यात त्यानं आपली एक सोबतीण घातली होती, वऱ्हाडी बोलणारी. संवाद त्याचे, आवाज आईचा, लिलाबाईचा. केनवडच्या याच खोलीत घामाघूम होत मायलेकांनी तो माइकवर भरला होता. दूरदूरची पोरं सगुणाला डाउनलोड करून घेत आणि विचारत, ही माय कुठली?

मग अश्वजितनं गोष्टीत नवं प्रकरण जोडलं, आणि सगुणा कुठंही काहीही बोलायला लागली.

एरवी आईला पुन्हा बसवून सगळं भरून घेतलं असतं. पण हिवाळ्यात लिलाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलायची मुभा दिली होती, मात्र जो आवाज परत आला तो दुसराच होता. वाळल्या तुरीच्या शेंगा हलवाव्यात तसा. तिचा जुना आवाज आता फक्त या फायलींमध्ये उरला होता.

"हे काय नावं हायेत?" पौर्णिमा वाचत होती. "'नवीन', 'शेवटचं', 'शेवटचं खरं', 'हेच घे'..."

"तवा मले समजत होतं, ताई."

"अन् आता?"

अश्वजितनं माउस तिच्याकडं सरकवला.

पौर्णिमानं आधी सगळ्याची एक प्रत वेगळी काढून ठेवली. मुळाला हात लावायचा नाही, म्हणाली. मग तिनं फोल्डर केले: रस्ता, लढाई, मुक्काम, रुसवा. एकेक ओळ ऐकायची, ती कुठली ते ठरवायचं, आणि लिहिलेल्या वाक्याला व त्याच्या आवाजाला एकच नाव द्यायचं. नाव वाचलं की कळावं, कोण बोलतंय, कुठं, कोणत्या मनानं.

"काय बोलाचं ते एका जागी. कधी बोलाचं ते दुसऱ्या जागी," ती काम करता करता सांगत होती. "तू दोन्ही एकातच कोंबलं. म्हून ते बाई मरणाच्या वक्ताले च्या विचारते."

एका ठिकाणी नुसतं 'चाल ना' दोनदा भरलेलं होतं. अश्वजितला दोन्ही सारखेच वाटले. पौर्णिमा म्हणाली, "हे मुक्कामातलं. हे रुसव्यातलं." तिनं दुसरं पुन्हा वाजवलं. तेव्हा त्याला ऐकू आलं की, बोलण्याआधी आईनं श्वास रोखला होता. सगुणाला जन्म त्यानं दिला होता, पण तिचा रुसवा त्याला आज कळला. तो बहिणीकडं पाहतच राहिला.

दाराशी बसून लिलाबाई मेथी निवडत होती. आतून तिचाच दणदणीत आवाज येई, तिचा हात थांबे, मग पुन्हा चालू लागे.

दुपारपर्यंत सगळ्या ओळी जागच्या जागी बसल्या. एक सोडून. मोठी लढाई संपते, पूल तुटलेला असतो, नायक हताश बसतो, आणि सगुणा त्याला उठवते. वाक्य लिहिलेलं होतं. आवाज नव्हता. अश्वजितनं त्याच नावानं दुसरी फाईल जतन केली होती, आणि पहिली पुसली गेली होती.

बराच वेळ शोधून तो म्हणाला, "कम्प्युटरवर आवाज बनवता येते आता. आईचं इतकं बोलनं हाय आपल्यापाशी. हुबेहूब होईन."

उत्तर दारातून आलं.

"मी मेली का?"

लिलाबाई पदराला हात पुसत उभी होती. "माइक आन."

"पन आई, बाकी सारा थो आवाज अन् हे एकच असं..."

"काहून?" पौर्णिमा वळली. "लढाई झाल्यावरची ओळ हाय हे. दिवसभर धुरात वरडली बाई. तिचा गळा बसनार नाई?" आणि तिनं नवा फोल्डर उघडून नाव दिलं: लढाईनंतर.

लिलाबाईनं कागदाकडं पाहिलंही नाही. माइकसमोर बसली आणि बोलली.

मग त्यांनी गेम चालवला. नायक कोसळला. "मांगं हो, मी हाय!" सगुणाचा जुना आवाज खोलीभर घुमला. लढाई झाली. धूर विरला. तुटलेल्या पुलापाशी सगुणा नायकाजवळ आली, आणि तो नवा, खरखरीत आवाज म्हणाला, "ऊठ बाबू. पूल पडला त पडू दे. पान्यातून जाऊ."

नायक उठला. अश्वजित कळ दाबायची विसरला आणि नायक तसाच उभा राहिला.

"हा आवाज आधीच्यापेक्षा चांगला हाय," तो हळूच म्हणाला.

लिलाबाई पडद्याजवळ वाकली. 'लढाईनंतर'मध्ये एकुलती एक फाईल होती.

"पुढं काय बोलते थे?"

"पुढं काई नाई, आई. तिचं बोलनं तिथंच संपते."

"कायले संपते? पल्याड गेल्यावर मुकी झाली का थे?"

अश्वजितनं कोरी फाईल उघडली. एक अक्षरही टाईप करण्याआधी, नाव काय देऊ, असं त्यानं ताईला विचारलं.