रंगेहाथ

“दरवेळचं धम्मचक्रच काढ गं,” आई म्हणाली, पण मित्रा कसली ऐकतेय! “पाहुणी पॅलेस्टाईनची, तर रांगोळीही पॅलेस्टाईनचीच!” फोनवर पहिलंच दिसलेलं चिन्ह तिने ओकव्हिलमधल्या घराच्या पोर्चवर तासभर खपून रेखाटलं: सोनेरी घुमट, दोन तलवारी, वर हिरवा नकाशा. डबा घेऊन आलेली वर्गमैत्रीण लियान पायरीवरच थबकली. “सरप्राइज!” मित्रा ओरडली. लियानचा चेहरा उतरला. “हे आमच्या देशाचं नाही, हमासचं आहे. सोमवारी कुणीतरी माझ्या लॉकरवर हेच चिकटवून खाली ‘गो होम’ लिहिलं होतं.” तिचा आवाज चिरकला. “ते... तू चिकटवलं होतंस?” वर्गात सगळे लॉकरबद्दल कुजबुजत होते, तेव्हा काय झालं हे मित्राने विचारलंही नव्हतं. “नाही, शप्पथ!” म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले आणि शरमेने पाठीमागे लपवले. तळवे हिरवेगार होते.