पाणी आल्याची खूण

आमच्या इमारतीची एक रीत होती. ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्याने पळीने पाइप वाजवायचा, की सगळे मजले हंडे-बादल्या घेऊन तयार.

आता सगळे घरं सोडून गेलेत. वरच्या मजल्यांचा पाइपही बिल्डरने कापून नेलाय. उरलोय मी आणि कडेवरचं माझं पिल्लू.

आज भर दुपारी बिल्डरचा माणूस येऊन बसला.

"वहिनी, करून टाका सही. वर चिटपाखरू नाही. कुणाच्या जिवावर भांडताय?"

तेवढ्यात वर पाइप वाजला. टण, टण.

लेक खुदकन हसली. त्याचा चेहरा उतरला.

"पाइप तर मी उभं राहून कापून घेतलाय..."

मी पळी उचलली आणि आमच्या नळावर दणदणीत उत्तर दिलं.

मग प्रत्येक मजल्यावर पळ्या वाजू लागल्या. आवाज एकेक मजला उतरत आला. जिन्याच्या कठड्यावर वाजला. आमच्या दारावर वाजला आणि थांबला.

लेकीने दाराकडे दोन्ही हात पसरले.

"वहिनी, उघडू नका," तो कुजबुजला.

"असं कसं? त्यांचंही घर आहे," म्हणत मी कडी काढली.