एकटीला झेपेल अशी लेन्स

"एकटीला झेपेल अशी दाखवा," अंकिता म्हणाली आणि दुकानदार कुंदनने काउंटरवर कॅमेऱ्याच्या तीन लेन्स मांडल्या.

शेजारच्या स्टुलावर तिची आई हौसा बसली होती. सकाळची मासळी विकून ती बाजारातून थेट इथे आली होती. कंबरेची पिशवी अजून तशीच होती. कोणी न सांगता तिने मधली लेन्स उचलली, तळहातावर दोनदा झुलवली.

"दीड किलो हाय."

कुंदनने खोक्यावर वाचलं. एक किलो पाचशे सत्तर ग्रॅम.

"मावशी, तुम्ही असताना काटा कशाला हवा?"

"भाव सांग तू. आनि खोक्याचा वेगला लावू नको."

काउंटरच्या टोकाला काळ्या बॅगेत चौथी लेन्स होती. जुनी, लांबलचक, तोफेसारखी. अंकिताच्या बाबांनी, दीनानाथने, बंदरातली नोकरी संपल्यावर आवडीने घेतलेली. दर रविवारी उलव्याकडच्या खाडीवर बापलेक पक्षी टिपायला जात. लेन्स आणि तिचा तिपाई स्टँड बाबा उचलायचे, कॅमेरा आणि चहा अंकिता. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. ते सगळं ओझं एकटीने चिखलातून नेणं जमणारं नव्हतं आणि खाडी तर सोडायची नव्हती. म्हणून बाबांची लेन्स आणि स्टँड देऊन हलकी लेन्स घ्यायची, असं अंकिताने ठरवलं होतं. ठरवून पंधरा दिवस झाले होते, आज ती दोन्ही घेऊन आली होती.

दुकानाच्या मागच्या गॅलरीतून तळं दिसायचं. तिथला एक तरी पक्षी टिपून बघितल्याशिवाय कुंदन कोणाला लेन्स विकत नसे. पलीकडच्या काठाला, गवतात, जांभळी पाणकोंबडी पिलांना घेऊन फिरत होती. अंकिताने हलकी लेन्स लावून फोटो काढला, मोठा करून पाहिला. पिलं आली होती. पिलांचे डोळे स्पष्ट आले नव्हते.

"जुनीने पण एक काढ," कुंदन म्हणाला. "देण्याआधी."

"हातात नाही राहत ती. आणि स्टँडचे तीन पाय इथे कुठे मावणार?"

"टेकवायला वाळूची पिशवी मिळते. पण माझ्याकडची संपलीय."

हौसाने खांद्यावरचा पंचा काढला. बोटांभोवती दोन वेढे, टोक आत खोचलं, की डोक्यावर पाटीखाली ठेवायची चुंबळ तयार. तिने ती कठड्यावर ठेवली.

"ठेव हिच्यावर."

"आई, हंडी नाहीये ती."

"ठेव म्हनलं."

अंकिताने ठेवली. ती जड लेन्स चुंबळीत अशी बसली की जरा म्हणून डुगडुगेना. अंकिताने श्वास धरला, बटण दाबलं आणि फोटो मोठा केला. पिलाचा डोळा लख्ख आला होता. डोळ्यात गवताची एक काडीसुद्धा.

तिने फोटो दोघांना दाखवला.

"दीनानाथकाकांना हे कधी सुचलं नाही," कुंदन म्हणाला.

"त्यांना कुटं डोक्यावर काय घ्यायला लागलं!"

अंकिताला हसू आलं. मग आत येऊन तिने हलकी लेन्स खोक्यात ठेवली, जुनी पुसून बॅगेत घातली. "फोटो छान आला. पण न्यायची कशी? लेन्स तीन किलो, स्टँड अडीच."

"साडेपाच," हौसा म्हणाली. "माजी पाटी कवरी असते, म्हायती हाय ना?"

"तू येणार?"

"का, पाखरं मना काय वलखत नाय म्हनून उडतील?"

"आई, गुडघाभर चिखल असतो."

हौसाने कुंदनकडे पाहिलं. "कोलनीला चिखल सांगते, बघ."

"पाचला निघावं लागतं."

"तीनला आमी धक्क्यावर असतो."

अंकिताने बॅगेची चेन लावली. "आणि तिथे दोन-दोन तास बोलायचं नसतं. एक शब्दही नाही."

हे मात्र अवघड होतं. हौसाची हाक मच्छी बाजारातून पार रस्त्यापर्यंत ऐकू यायची. गिऱ्हाइकं तिच्या आवाजाच्या अंदाजाने वळायची. तिने मान वळवून तळ्याकडे पाहिलं.

"तुजा बाबा गप बसायचा दोन तास?"

"अगदी गप."

"घरात कदी नाय बसला." तिने पदराने तोंड पुसलं. "माज्यासंगं बोलून बोलून दमत असंल. तितं जाऊन निजत असंल उगडे डोले ठेवून."

कुंदन मोठ्याने हसला. अंकिताही हसली. हसता हसता तिने हलक्या लेन्सचं खोकं काउंटरवरून हळूच त्याच्याकडे सरकवलं. त्यानेही काही न विचारता ते कपाटात ठेवलं.

हौसाने चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर स्टँडची लांब पिशवी आडवी घेतली आणि एकही हात न लावता जिना उतरली. लेन्सची बॅग सांभाळत अंकिता मागून.

खाली रिक्षांची रांग होती. पहिल्या रिक्षावाल्याने ओळखलं.

"काय मावशी, आज डोक्यावर सुरमई लय लांब दिसते! कुठं सोडू?"

हौसाने नुसता घराच्या दिशेला हात केला.

"बरं नाय काय मावशी? घसा बसलाय?"

ती मान ताठ ठेवून गप्प उभी राहिली.

"आई," अंकिता म्हणाली, "अगं, इथे बोललीस तरी चालेल."

हौसाने डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.